चालताना गाडी, थांबल्यावर बंद खोली

गणपतीला गावी कसे जायचे, हा लालबाग, परळ, गिरगाव, दादरच्या घरांत दरवर्षी नव्याने पडणारा प्रश्न आहे. कोकण रेल्वेचे आरक्षण उघडताच संपते. एसटीच्या जादा गाड्या, ग्रुप बुकिंग, ओळखीच्या माणसाची ट्रॅव्हलर असे पर्याय वर्षानुवर्षे ठरलेले. आता त्यात आणखी एक भर पडली आहे. पलंग, स्वयंपाकाचा ओटा, फ्रीज, एसी आणि संडास असलेली भाड्याची मोटारहोम, म्हणजे कॅरव्हॅन. शूटिंगच्या ठिकाणी उभी असलेली व्हॅनिटी व्हॅन आपण पाहिलेली असते, तिचेच हे प्रवासी भावंड. सात-आठ जणांनी वर्गणी काढली की भाडे आवाक्यात येते, असे हिशेब सोसायटीच्या कट्ट्यावर ऐकू येतात.

याला श्रीमंती चोचले म्हणून हसणे सोपे आहे. पण आरोग्याच्या बाजूने पाहिले तर या गाडीची गरज खरी आहे. कणकवली-सावंतवाडीचा रस्ता चारशे किलोमीटरच्या पुढे जातो. वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसल्यामुळे घरातल्या बायका, विशेषतः साठीच्या पुढच्या, आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडतात. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो, चक्कर येते, बद्धकोष्ठता बळावते. दहा-बारा तास पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पायांच्या शिरांत रक्त गोठण्याची शक्यता वाढते आणि पाणी कमी प्यायल्याने ती आणखी वाढते. गुडघे गेलेल्या आजीला उकिडवे बसायला लावणाऱ्या ढाब्यावरच्या संडासापेक्षा गाडीतले कमोड तिच्यासाठी औषधासारखे आहे. राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. या गाड्या वाढणार आहेत आणि वाढाव्यात.

माझी तक्रार गाडीबद्दल नाही, ती ज्या पद्धतीने हातात दिली जाते त्याबद्दल आहे. टीव्ही कसा लावायचा, फ्लश कुठे आहे, एसीचा रिमोट कोणता, एवढे पाच मिनिटांत दाखवले जाते आणि सही घेतली जाते. घेणारेही एवढ्यावर खूश असतात, कारण आपण घर भाड्याने घेतले आहे, असे त्यांना वाटते. इथेच धोका सुरू होतो. मोटारहोम चाके फिरत असताना निव्वळ गाडी असते आणि चाके थांबल्यावर ती एक लहानशी बंद खोली होते. पहिल्या अवस्थेत तिला घर समजणे आणि दुसऱ्या अवस्थेत तिच्यातल्या हवेचा विसर पडणे, या दोन्ही चुका जीव घेऊ शकतात.

चाके फिरत असताना

ताशी ६० किलोमीटर हा आपल्याला फार वेग वाटत नाही. पण या वेगात माणूस समोरच्या फळीवर आपटला तर तो आघात सुमारे १४ मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो. गिरगावातल्या एखाद्या जुन्या चाळीच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पडण्यासारखाच. गॅलरीच्या कठड्यावर आपण मुलाला झोपवणार नाही. चालत्या मोटारहोमच्या पलंगावर मात्र खुशाल झोपवतो.

मांडीवर घेतले तरी फारसा फरक पडत नाही. त्याच वेगातली गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १७० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. कुठल्याही आईच्या हातांत तो नसतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर काही आठवडे मागच्या पट्ट्याची चर्चा झाली आणि विरली. मोटारहोमच्या बाबतीत ती पुन्हा काढायला हवी, कारण हिच्यात बसण्याच्या जागा आणि झोपण्याच्या जागा यांची बेरीज करून ‘आठ माणसांची गाडी’ असे सांगितले जाते. गाडी ठरवताना पलंग मोजू नका. पट्टा असलेल्या आणि घट्ट बसवलेल्या जागा किती, ते मोजा. तेवढीच माणसे न्या.

हाच नियम वस्तूंनाही लागू होतो. ओट्यावरचा कुकर, फळीवरचा पाट, गणपतीच्या सामानाची पेटी, पाण्याचा वीस लिटरचा जार हे सगळे ब्रेक लागताच पुढे येते. निघण्यापूर्वी कपाटांच्या कड्या लावणे आणि ओटा रिकामा करणे हे काम एका माणसाच्या नावावर ठेवावे. चालत्या गाडीत चहा करणे, भाजी चिरणे, संडासला जाणे हे तिन्ही बंद. संडासची गरज लागली तर गाडी बाजूला घ्यायला सांगावे. आपली सोय घराच्या दारात आहे, ती दहा मिनिटांनीही तिथेच असणार आहे.

स्वतः चालवणार असाल तर एक कायदेशीर सोय आणि तिच्यातला फरक ओळखा. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले, की हलक्या मोटारवाहनाचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे प्रवासी किंवा मालवाहू वाहनही चालवू शकतो. म्हणजे आपली हॅचबॅक चालवणारा माणूस चार टनांची मोटारहोम कायद्याने चालवू शकतो. कायद्याने दिलेली परवानगी आणि हाताला असलेला सराव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या मोटारीची उंची दीड मीटरच्या आसपास असते. ट्रॅव्हलरवर बांधलेल्या आणि छतावर एसी असलेल्या गाडीची उंची जवळजवळ दुप्पट असते. उड्डाणपुलाच्या तोंडाशी लावलेली लोखंडी चौकट, वाडीच्या तोंडाशी झुकलेली फांदी, मंडपाची कमान हे अडथळे मोटार चालवताना आपल्या गणतीतही नसतात. गाडीची उंची कागदावर लिहून चालकाच्या समोर चिकटवावी. त्यात टपावर टाकलेल्या बॅगांची उंची मिळवावी. खरे तर टपावर काही टाकूच नये, कारण वर वजन चढले की वळणावर गाडी कलंडायला कमी निमित्त पुरते.

घाट हा याचा सर्वात कठीण भाग. चार टनांची गाडी ४०० मीटर खाली उतरते तेव्हा तिची जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तेवढ्यात सुमारे ५० लिटर पाणी उकळीला येईल. पाय सतत ब्रेकवर ठेवून उतरलात तर ही उष्णता ब्रेकच्या अस्तरांत जाते आणि शेवटच्या वळणांवर ब्रेक लागेनासे होतात. जुन्या चालकांचा नियम सोपा आहे. ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचवणे म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकणे. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक निवू द्यावेत. त्यांवर पाणी ओतू नये.

पहिला पलंग चालकाचा

चाकरमान्यांची जुनी रीत अशी, की दिवसभर काम करायचे, रात्री जेवून निघायचे आणि उजाडता उजाडता घराच्या खळ्यात पोहोचायचे. या रीतीत सगळ्यांच्या झोपेचा विचार आहे, एक माणूस सोडून.

सलग १७ ते १९ तास जागे राहिलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया मोजल्या, तेव्हा त्या रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतक्या मंदावलेल्या आढळल्या. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे सकाळी सहाला उठून दिवसभर मुंबईत गाडी चालवलेला आणि रात्री अकराला आपली गाडी घेऊन निघालेला चालक थेंबभर दारू न पिता नशेच्या हद्दीत गेलेला असतो. त्यातून पहाटे दोन ते पाच ही शरीराच्या घड्याळाची सर्वात सुस्त वेळ. या वेळेत उघड्या डोळ्यांनीही तीन-चार सेकंदांची डुलकी लागते आणि ती लागल्याचे चालकाला कळतही नाही. ६०च्या वेगात चार सेकंद म्हणजे ६७ मीटर. एवढे अंतर गाडी कोणीही चालवत नसते.

१९ जानेवारी २०२३ च्या पहाटे माणगावजवळ रेपोली इथे मुंबईहून गुहागरकडे निघालेल्या व्हॅनची आणि ट्रकची धडक झाली आणि एकाच नात्यागोत्यातली माणसे गेली. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे बोरघाटात गोरेगावच्या वादकांच्या पथकाची बस दरीत कोसळली आणि १३ जणांचा जीव गेला. प्रत्येक अपघाताची कारणे वेगवेगळी असतात आणि ती ठरवणे तपास यंत्रणेचे काम आहे. पण पहाटेची वेळ या बातम्यांत पुन्हा पुन्हा येते, याकडे डोळेझाक करता येणार नाही.

मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ लागू असताना त्यानुसार चालकाला दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम साधारणपणे देता येत नव्हते. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना तो लागू होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाला तो लागू नव्हता, तरी शरीराचा नियम सगळ्यांना लागू आहे. मोटारहोममध्ये विचित्र गोष्ट अशी घडते, की सगळे पलंग कुटुंबात वाटले जातात आणि चालक मुक्कामात पुढच्या सीटवर मान वाकडी करून पडतो किंवा ढाब्याच्या बाकावर आडवा होतो. दुसऱ्या दिवशी आपण सगळे ताजेतवाने असतो आणि आपले प्राण ज्याच्या हातात, तो अर्धवट झोपेत असतो. म्हणून पलंगांची वाटणी चालकापासून सुरू करावी. त्याला गाडीत झोपवणे अवघड वाटत असेल, तर मुक्कामाच्या ठिकाणी त्याच्यासाठी खोली घ्यावी. गाडीच्या एकूण भाड्यात तो खर्च फार नसतो.

आणि मुळात मोटारहोम घेऊनही रात्रभर प्रवास करणे म्हणजे पलंगाचे भाडे भरून तो न वापरणे. उजाडल्यावर निघा, अंधार पडण्यापूर्वी थांबा, गावी एक दिवस उशिरा पोहोचा. दुपारी जेवल्यावर चालकाला जड वाटले तर कपभर चहा देऊन वीस मिनिटे डोळे मिटू द्या. चहाचा परिणाम साधारण तेवढ्याच वेळात सुरू होतो, त्यामुळे दोन्हींचा फायदा मिळतो. गाणी लावणे, खिडकी उघडणे, तोंडावर पाणी मारणे याने झोप जात नाही, थोडा वेळ लपते.

चाके थांबल्यावर

२३ डिसेंबर २०२४ रोजी केरळच्या कोझिकोड जिल्ह्यात वडकरा इथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. मारहाण नाही, आग नाही. तज्ज्ञांनी गाडीची तपासणी केली, तेव्हा उत्तर मिळाले. जनरेटरचा धूर गाडीच्या तळातल्या भोकातून आत शिरला होता आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडने दोघांचा जीव घेतला. माझ्या मते प्रत्येक मोटारहोम भाड्याने देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने ही एक घटना नीट समजून घेतली पाहिजे.

पेट्रोल, डिझेल, गॅस, लाकूड, कोळसा असे काहीही अपुऱ्या हवेत जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे त्याला धरून ठेवते. त्यामुळे हवेत तो थोडा असला तरी रक्तात साठत जातो आणि श्वास चालू असूनही मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू मिळेनासा होतो. लहान मुले, गरोदर स्त्री आणि तिच्या पोटातले बाळ, हृदयविकाराचे रुग्ण यांना आधी इजा होते.

प्रवासात याची एक वेगळीच फसगत आहे. सुरुवातीची लक्षणे म्हणजे डोके जड होणे, मळमळ, उलटी, ग्लानी, हातपाय गळणे. आपल्याकडे यावर तयार निदान असते: ‘गाडी लागली.’ मग लिंबू हुंगायला देतात, गोळी देतात आणि ‘जरा पडून राहा’ म्हणतात. म्हणजे माणसाला त्याच विषारी हवेत झोपवतात. खूण साधी आहे. गाडी उभी असताना मळमळ होत असेल, एकाहून अधिक जणांचे डोके एकाच वेळी दुखत असेल किंवा बाहेर आल्यावर बरे आणि आत गेल्यावर पुन्हा वाईट वाटत असेल, तर ते गाडी लागणे नाही. सगळ्यांना बाहेर काढा, दारे उघडा, इंजिन आणि जनरेटर बंद करा आणि १०८ ला फोन करा.

दुसरी फसगत करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरची. बोटाला लावायचे साधे यंत्र कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या आणि ऑक्सिजन असलेल्या हिमोग्लोबिनमध्ये फरक करू शकत नाही. माणूस गुदमरत असताना ते ९८ दाखवू शकते. त्या आकड्यावर विसंबू नका. रुग्णालयात पोहोचल्यावर ‘गाडीत जनरेटर चालू होता’ हे वाक्य आधी सांगा, म्हणजे डॉक्टर रक्ताची योग्य तपासणी करतील. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तासात तेवढा फरक पडतो. ‘आता बरे वाटतेय’ म्हणून परत फिरू नये.

यातून पुढचे नियम निघतात. झोपलेली माणसे आत असताना जनरेटर चालू ठेवायचा नाही. उकाडा असेल तर मुक्कामाच्या ठिकाणची वीज जोडून एसी चालवावा, ती नसेल तर खिडक्या उघडून मच्छरदाणी लावावी. चालकाने पुढे एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपणेही तितकेच घातक आहे. भिंतीलगत, चिखलात किंवा उंच गवतात सायलेन्सरचे तोंड दबेल अशी गाडी उभी करू नये. मागचे दार उघडे ठेवून गाडी चालवू नये, कारण गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर आत ओढला जातो. महाबळेश्वर-भंडारदऱ्याच्या थंडीत कोळशाची शेगडी आत आणण्याचा मोह तर अजिबात नको. विझत आलेले निखारेही हा वायू सोडत राहतात.

स्वयंपाकाच्या गॅसचा स्वभाव वेगळा आहे. तो हवेहून दीड-दोन पट जड असल्याने गळला की तळाशी साचतो. म्हणून गाडीच्या तळाजवळची जाळी ही त्याची वाट असते. तिथे बॅगा लावून ती बुजवू नये. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईच्या रेल्वे यार्डात उभ्या असलेल्या, यात्रेकरूंनी भाड्याने घेतलेल्या डब्यात चोरून नेलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण गेले. तेही चाकांवरचे भाड्याचे घरच होते. मोटारहोममध्ये गॅस असेल तर स्वयंपाक गाडी थांबल्यावर, दार उघडे ठेवून करावा आणि नंतर शेगडीबरोबर सिलिंडरचा व्हॉल्व्हही बंद करावा. घरचा जादा सिलिंडर बरोबर नेऊ नये. दोन्ही वायूंसाठी वेगवेगळी सूचकयंत्रे लागतात: गॅसचे तळाजवळ आणि कार्बन मोनॉक्साइडचे झोपणाऱ्याच्या उशाजवळ.

किल्ली देण्यापूर्वी

पर्यटनाचे धोरण आखताना कॅरव्हॅन उभ्या करायच्या जागा आणि सवलती यांचा विचार होतो. माझी मागणी साधी आहे. भाड्याने फिरणाऱ्या प्रत्येक मोटारहोममध्ये कार्बन मोनॉक्साइडचे चालू स्थितीतले सूचकयंत्र सक्तीचे करावे आणि परिवहन खात्याने योग्यता प्रमाणपत्र देताना चाकांइतकीच गाडीच्या तळाची भोके आणि जनरेटरच्या धुराची वाट तपासावी. आतल्या सजावटीचे बदल वाहनाच्या नोंदीत दाखल असावेत. ग्राहकाला अर्ध्या तासाची माहिती मराठीत द्यावी आणि तिचा कागद दाराच्या आतल्या बाजूला लावावा.

नियम येईपर्यंत ग्राहकाच्या हातात एक अधिकार आहेच: नकार देण्याचा. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी गाडी बघायला जा. पाटी पांढरी असेल, म्हणजे गाडी खासगी म्हणून नोंदलेली असेल, तर ती भाड्याने देणे बेकायदा आहे आणि अपघातात विम्याचा दावा अडकू शकतो. परमिट, योग्यता प्रमाणपत्र आणि विमा यांच्या तारखा पाहा. टायरवरची बनावटीची तारीख पाहा. पट्टे ओढून बघा. सूचकयंत्राचे बटण दाबून ते वाजते का ऐका. जनरेटर चालू करायला लावून आत दहा मिनिटे थांबा, धुराचा वास आला तर परत फिरा. वास आला नाही म्हणजे हवा शुद्ध असे मात्र समजू नका, त्यासाठीच यंत्र हवे. आणि शेवटी मालकाला विचारा, ‘चालक काल रात्री किती वाजता झोपला आणि आमच्याबरोबर कुठे झोपणार?’ या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळाले नाही, तर ती गाडी कितीही चकचकीत असली तरी घेऊ नका.